गवळीवाटेवर मागून आलेली पोच

अन्याय झाला तो मंगेशवर. गेल्या वर्षी, संक्रांतीनंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळी पावणेनऊला. चिखलदऱ्याच्या पठारावरून परतवाड्याच्या अंगाला उतरणाऱ्या एका जुन्या पायवाटेवर बारा जणांची माउंटन बाइकची राईड चालली होती. मंगेश सगळ्यात शेवटी होता. वाटेत पाइपसाठी आडवा चर खणलेला होता, त्यात तो सायकलसकट डोक्यावर पडला. त्याच्या पुढचे अकरा जण त्याच चरावरून सुखरूप गेले होते. दुसऱ्या दिवशी राईड नेणाऱ्या ग्रुपने निवेदन काढलं – ‘संबंधित सायकलपटू स्वतःच्या निष्काळजीपणामुळे जखमी झाला.’ संपलं. त्याचं नाव लिहायचेही कष्ट घेतले नाहीत.

मंगेश जिवंत आहे. अकोल्याला जुन्या शहरात, त्याच्या आईजवळ. डोळे उघडे असतात, चमच्याने भरवलं तर गिळतो. पण त्या रविवारपासून तो एक शब्द बोलला नव्हता... दिवाळीनंतरच्या एका सकाळपर्यंत. त्या सकाळी काय झालं ते सांगायला मी हे लिहिते आहे.

न उलगडलेल्या अनुभवांच्या या सदरात लिहिणारे बहुतेक जण आधी सांगतात की माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. मी तर याच्या विरोधात कामच केलंय. मी बडनेऱ्याची. कॉलेजपासून आमच्या मंडळाची पत्रकं मी लिहिते – बसफेऱ्या, पाणी, पांदण रस्ते, आणि हो, अंगात येणं. एका बाबाच्या मांडवाबाहेर उभी राहून मी पत्रकं वाटली आहेत आणि त्याच्या भक्तांच्या शिव्या खाल्ल्या आहेत. तेव्हा माझी समजूत घालू नका. मला फक्त जे झालं ते झालं त्या क्रमाने लिहायचं आहे, आणि पत्रकात हे बसत नाही.

मंगेशची ओळखसुद्धा पत्रकामुळेच झाली. अकोल्यात त्याचं सायकल दुरुस्तीचं छोटंसं दुकान होतं. सायकलवाल्यांना रस्त्यावर वेगळा पट्टा हवा म्हणून आम्ही पत्रक काढलं होतं, ते मी त्याच्या हातात दिलं. त्याने उभ्याउभ्या पूर्ण वाचलं. (पूर्ण वाचणारा माणूस मी त्या दिवशी तो एकच पाहिला.) मग म्हणाला, “सायकलस्वार, सायकलस्वार पाच वेळा लिवलं. तुले येते का चालवता?”

“शाळेत चालवायचे.”

“मंग पाचदा कावून लिवलं? एकदा लिवाचं.”

मी त्या दिवशी चिडून परत आले. महिन्याभराने त्याच्याच दुकानातून सायकल घेतली. सुटे भाग जमवून त्याने ती माझ्या मापाने जोडली होती. मग दोन हिवाळे, जमेल त्या रविवारी, तो अकोल्याहून यायचा, मी बडनेऱ्याहून निघायचे, आणि आम्ही कुठल्यातरी मुरमाच्या टेकाडावर भेटायचो. त्याने मला उभं राहून उतरायला शिकवलं. दोन्ही पेडल एका पातळीत, सीट खाली, कोपर बाहेर, नजर जिथे चाक न्यायचं तिथे. दगडाकडे पाहिलं की चाक दगडाकडेच जातं, हे तो रोज सांगायचा आणि मी रोज दगडाकडेच पाहायचे.

आणि त्याने हाका शिकवल्या. ही गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं हिच्यावर आहे. ओळीने उतरताना पुढच्याला जे दिसतं ते मागच्याला दिसत नाही. म्हणून पुढचा हाक देतो – ‘दगड डावा’, ‘पायरी’, ‘मुरूम’. मागचा ती ऐकून आधी म्हणतो ‘घेतलं’, आणि मग तीच हाक त्याच्या मागच्याला देतो. असं शेवटच्यापर्यंत. मागून ‘घेतलं’ आलं नाही तर पुन्हा हाक द्यायची. तरी आलं नाही तर ब्रेक. इतर ग्रुपमध्ये नुसती हाक असते, पोच नसते. पोच मंगेशची. तो म्हणायचा, “हाक म्हंजे पार्सल हाये वं. समोरच्यानं घेतलं म्हनेपर्यंत तुयंच.”

तो नेहमी शेवटी असायचा. शेवटच्याच्या मागे कोणी नसतं, त्यामुळे पडलेल्याला उचलायचं, पंक्चर काढायचं काम त्याचं. मी कायम त्याच्या पुढे. दोन वर्षं मी त्याला पाहिलं कमी आणि ऐकलं जास्त. मी म्हणायचे ‘दगड डावा’, आणि माझ्या मागून तीन सायकलींच्या अंतरावरून यायचं – “घेतलं वं.” ते ‘वं’, म्हणजे आमच्याकडचं ‘गं’, फक्त मला असायचं. बाकीच्यांना नुसतंच ‘घेतलं’.

गवळीवाट तो मला दाखवणार होता. वरचे गवळी पूर्वी दुधाच्या कॅन घेऊन त्या वाटेने खाली उतरायचे. आता टेम्पो आले, वाट मोडली. उभ्या दगडी पायऱ्या, मुळं, सुटा मुरूम, एकामागे एक पाच आखूड वळणं. अवघड वाट, त्याची सगळ्यात लाडकी. “तू येशीन तवा हळू जाऊ, दोघंच,” तो म्हणायचा. दरवेळी माझं काहीतरी असायचं... सही मोहीम, धरणं, कोपरा सभा. त्या संक्रांतीनंतरच्या रविवारीही त्याने विचारलं होतं. दुसऱ्या एका ग्रुपने त्याला शेवटी राहायला बोलावलं होतं, एक जागा रिकामी होती. मी म्हटलं, सभा आहे. तो म्हणाला, “ठीक हाये. वाट कुठं पळून नाई चालली.”

सभेला सतरा माणसं आली होती. मला तो आकडा अजून आठवतो याचीच चीड येते.

निवेदनाविरुद्ध मी काय काय नाही केलं! अर्ज दिले, त्या ग्रुपच्या लोकांना फोन केले. ‘ताई, आम्हालाही वाईट वाटतं’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की आता कोणी वाईट वाटतं म्हटलं की डोकं फिरतं. पण सगळ्यात जास्त मी हरले ती काकूंपुढे, म्हणजे मंगेशच्या आईपुढे. त्यांनी ते निवेदन खरं धरलं होतं. “पयल्यापासून घाईचाच हाये माय तो,” त्या म्हणायच्या. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगायच्या, जणू त्याच्या वतीने माफी मागत असाव्यात. मुलाला भरवता भरवता त्याला रागवायच्या. “कावून गेला रे घाईनं?” तो छताकडे पाहत गिळायचा. मंगेश आणि घाई... ज्याने मला पहिले तीन महिने ब्रेक सोडू दिला नाही तो माणूस.

दिवाळी झाली आणि मी इरफानभाईंना फोन केला. इरफानभाई अचलपूरचे, मोटर गॅरेज आहे, मंगेशसोबत सगळ्यात आधीपासून सायकल चालवणारे. त्या रविवारी बहिणीच्या लग्नामुळे ते नव्हते. मी म्हटलं, मला गवळीवाट उतरायची आहे.

“कायले?”

“पाहायचंय. तो घाई करू शकतो का तिथे, ते.”

मागे गॅरेजात चाललेलं इंजिन त्यांनी बंद केलं. मग म्हणाले, “अकेली नको जाऊ. मी पुढं राहीन. काकूले नको सांगू, घाबरन बिचारी.”

आम्ही कोणालाच सांगितलं नाही. हे लक्षात ठेवा. मी घरी सांगितलं परतवाड्याला मीटिंग आहे. इरफानभाईंनी ओळखीच्या पिकअपमध्ये सायकली टाकून वर नेल्या. पठारावर चहा घेतला, हेल्मेट बांधली, त्यांनी मोबाइलवर राईडचं रेकॉर्डिंग सुरू केलं. त्यात सुरुवात नऊ वाजून आठ मिनिटांची आहे. ते पुढे, मी मागे. माझ्यामागे कोणी नाही. दोघांत मीच शेवटची.

पहिल्या शंभर पावलांतच मला कळलं की मला काही येत नाही. टेकाडं वेगळी आणि हे वेगळं. गवत वाळून पिवळं झालेलं, वाट त्यात वीतभर, आणि मध्येच जमीन संपल्यासारखी खाली गेलेली. ब्रेक दाबला तर मागचं चाक घसरायचं, सोडला तर सायकल हातातून सुटायची. इरफानभाईंची हाक आली – “पायरी!” मी म्हटलं “घेतलं”, वजन मागे टाकलं, पुढचं चाक खाली आदळलं, मागचं आदळलं... आणि मी उभीच होते. इतकी खूश झाले की सवयीने तोंडातून निघून गेलं, “पायरी!” मागे कोणी नसताना.

मागून आलं, “घेतलं.”

मला वाटलं इरफानभाई. पुढच्या वळणावर ते दिसले, माझ्यापासून चांगली वीस-पंचवीस पावलं खाली. मग वाटलं कान वाजले. त्यांची हाक आली “दगड डावा”, मी घेतली, आणि या वेळी जाणूनबुजून मागे दिली.

“घेतलं वं.”

तीन सायकलींच्या अंतरावरून. सुट्या मुरमावर टायर कसा कुरकुरतो तो आवाजही होता, पण तो माझ्याच टायरचा असेल, त्याचं मी सांगत नाही. मी शब्दाचं सांगते आहे.

तुम्ही म्हणाल वळून का नाही पाहिलं. तसल्या वाटेवर वळून पाहता येत नाही, ज्याने चालवली आहे त्याला माहीत आहे. नजर काढली की गेलात. पण मी खोटं बोलणार नाही... दोन ठिकाणी सपाट होतं, तिथे पाहता आलं असतं. मी पाहिलं नाही. वाटलं, पाहिलं तर थांबेल.

भीती अजिबात वाटली नाही. दहा महिने मी त्या माणसाचा आवाज मोबाइलमधल्या जुन्या व्हॉइस मेसेजमध्ये शोधत होते. ‘ट्यूब आली हाये, घेऊन जाय’ असले मेसेज मी पुन्हा पुन्हा ऐकले आहेत. आणि इथे तो मागे होता. मी दगड दिला की घेत होता, मूळ दिलं की घेत होता. पाच वळणांपैकी तिसऱ्यावर माझ्या लक्षात आलं की मी नीट चालवते आहे. कोपर बाहेर, नजर लांब. ही वाट मी पहिल्यांदा उतरत होते आणि मला ती संपायला नको होती. मग मी लबाडी केली. जिथे काही नव्हतं तिथेही हाक दिली, “दगड उजवा!” नुसतं ऐकायला.

मागून ‘घेतलं’ आलं नाही. मंगेश नाकातून हसायचा, अर्धवट, फुस्स करून. तसं हसू आलं.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणून पुढचा दगड मला दिसला नाही आणि पेडल त्याला घासलं. एवढंच झालं.

वळणं संपली, वाट थोडी रुंद झाली. खाली संत्र्यांचे बगिचे दिसायला लागले. इरफानभाईंची हाक आली, “मऊ माती!” वाटेवर आडवा एक पट्टा होता, हातभर रुंद, बाकीच्या जमिनीपेक्षा काळसर. मी घेतलं आणि मागे दिलं, “मऊ माती!”

काही नाही.

नियम आहे, पुन्हा द्यायची. मी पुन्हा दिली, मोठ्याने.

मागून, नेहमीच्याच अंतरावरून, अगदी साध्या आवाजात आलं, “आयकू नाई आलं वं.”

मी दोन्ही ब्रेक दाबले. पाय टेकला आणि वळले. वाट होती, गवत होतं, माझ्याच चाकांची धूळ खाली बसत होती. मी तिसऱ्यांदा हाक दिली. त्यानंतर कितीतरी वेळ देत राहिले. इरफानभाई सायकल टाकून पायी वर आले तेव्हा मी त्या मातीच्या पट्ट्यापाशी उभी होते.

त्यांचा चेहरा उतरला होता. “तुले कोनं सांगतलं इथं थांबाले?”

“का?”

“म्या मुद्दाम नव्हतं सांगतलं. उतरून झाल्यावर सांगनार होतो.” त्यांनी पट्ट्याकडे बोट केलं. चर बुजवलेला होता. पाइप मातीखाली गेला होता. “हीच जागा हाये. तो पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी म्या येऊन पाह्यली होती.”

मी त्यांना विचारलं, तुम्हाला मागून काही ऐकू आलं का. ते म्हणाले, “तुया आवाज आला. तू हाका देऊन राहिली होती. म्या म्हनलं, देऊ दे, आदत हाये.” दुसरा आवाज त्यांना आला नाही. हे मी लपवणार नाही.

उरलेली वाट मी हाका देत उतरले. प्रत्येक दगडाला. पोच आली नाही.

खाली बगिच्याच्या कुंपणाशी मोबाइलला रेंज आली आणि काकूंचे चार मिस्ड कॉल एकदम आले. मी लगेच परत फोन लावला. मी वाईट बातमीच समजले होते.

“पोरी, कुठी हायेस तू? मंग्या बोलला.”

“काय बोलला काकू?”

“घेतलं म्हने. म्या लापशी भरवत होती नवाच्या नंतर. पयले वाटलं भास झाला. तं अजून म्हने, घेतलं. म्या म्हनलं, घेतलं ना बाबू, अजून घे. दर टायमाले घेतलं म्हने आन म्या चमचा दे. वाटी संपली, दुसरी आनली.” त्या रडत होत्या आणि हसतही होत्या. “मंधातच हसला बी. म्या म्हनलं लापशी आवडली वाटते.”

मी फोन पुढे धरला. इरफानभाईंनी फोन स्पीकरवर टाकला.

“अजून काही बोलला का, काकू?” त्यांनी विचारलं.

“हो ना. मंग म्हने, आयकू नाई आलं. म्हून म्या टीव्हीचा आवाज वाढवला. तवापासून काई बोलला नाई. टीव्ही अजून चालूच हाये, आयकू येते का तुमाले?”

मागे टीव्ही खरंच जोरात चालू होता. इरफानभाई तिथेच मातीत बसले.

दुपारपर्यंत आम्ही अकोल्याला पोचलो. मंगेश छताकडे पाहत होता. हनुवटीवर लापशीचा वाळलेला ओघळ. मी त्याच्या उशामागे नाही, राईडमध्ये असायचे तशी त्याच्या पुढे बसले आणि हळूच म्हटलं, “दगड डावा.” पुन्हा म्हटलं. पायरी, मुरूम, मूळ, सगळं म्हटलं. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, किंवा माझ्या मागच्या खिडकीकडे पाहिलं. त्यानंतर दर पंधरवड्याला मी जाते आणि म्हणते. गवळीवाटही आणखी दोनदा उतरले. काही नाही.

डॉक्टर म्हणाले, असे एखाददुसरे शब्द कधीकधी बाहेर येतात, त्याला अर्थ चिकटवू नका. ठीक आहे. प्रतिध्वनी म्हणाल, तर डोंगर ‘दगड’ला ‘दगड’ म्हणेल, ‘घेतलं’ म्हणणार नाही. माझ्या मनाने ऐकलं म्हणाल, तर ते मी मान्य करायला तयार आहे, मनात दुसरं होतंच काय. पण मग लापशीच्या दोन वाट्या कशा संपल्या? त्या हाका काय आहेत, त्यांना पोच असते, हे काकूंना त्या सकाळी ठाऊकही नव्हतं. मी एकोणीस-वीस हाका दिल्या असतील, काकू म्हणतात दहा-बारा वेळा बोलला. आकडे जुळत नाहीत. वेळ जुळते. माझ्याकडे उत्तर नाही, आणि ‘उत्तर नाही’ असं मी माझ्या आयुष्यात पहिल्यांदा लिहिते आहे.

त्या दुपारी मी काकूंना सगळं सांगितलं. वाट, हाका, पट्टा. त्यांनी टीव्ही बंद केला आणि पदराने मंगेशची हनुवटी पुसली. मग म्हणाल्या, “त्याले आयकू नाई आलं, म्हंजे कोनं सांगतलंच नसन.” त्या दिवसापासून त्यांनी माफी मागणं बंद केलं आहे. भरवताना रागवतही नाहीत.

महिन्याभरापूर्वी त्या अकरांपैकी एकाने मला फोन केला. नाव सांगू नका म्हणाला, सांगत नाही. तो म्हणाला, त्या दिवशी निघतानाच सांगितलं होतं की हाका मारू नका, व्हिडिओत आवाज येतात, वर गाणं टाकायचं आहे. मंगेशने विचारलं होतं, मग शेवटच्याला कसं कळेल? सगळे हसले होते. चर आला तेव्हा पहिल्याने हात वर केला, पाचव्यापर्यंत हात गेला. सहाव्यापासूनचे अजून वळणामागे होते, त्यांना हात दिसलाच नाही, ते कसेबसे निभावले.

याला पुरावा नाही. आणि मी जे ऐकलं ते कुठल्याच टेबलावर पुरावा म्हणून चालणार नाही, हे मला तुमच्याइतकंच कळतं. कोणी असलं काही घेऊन माझ्याकडे आलं असतं तर मीच त्याला परत पाठवलं असतं.

पण त्या दिवशीच्या अकरा जणांनो, तुमच्यापैकी चौघांच्या हेल्मेटवर कॅमेरा होता. कॅमेऱ्यात आवाजही भरला जातो. गाणं टाकलेला तीन मिनिटांचा व्हिडिओ मला नको, तो मी पाठ केला आहे. न कापलेलं, मूळ रेकॉर्डिंग द्या. पठारापासून चरापर्यंत. ते पुसलं असेल तर तसं सही करून लिहून द्या. आणि ज्यांच्याकडे कॅमेरा नव्हता, त्यांनी एका ओळीत लिहा – तुम्ही मागच्याला हाक दिली होती का, हो की नाही. अकोल्यात एक म्हातारी बाई त्या ओळीची वाट पाहते आहे. तुम्ही हे वाचलं आहे. आता लिहा.